पारा पंचेचाळीस, पॅनेल पंचवीस

वर्ध्याच्या आजूबाजूची गावं माणसांसारखी आडनाव लावतात. सिंदी मेघे, सावंगी मेघे, बोरगाव मेघे, उमरी मेघे आणि आमची पिपरी मेघे. आडनावात मेघ असून मे महिन्यात औषधालाही ढग मिळत नाही. सकाळी दहाला आर्वी रोडवरची कुत्री उभ्या ट्रकखाली जातात, अकराला माणसं कूलरपुढे जातात आणि बारा ते चार गावात एकटं ऊन फिरत असतं.

या उन्हाचं काहीतरी करावं असं आमच्या गल्लीतल्या सरांच्या डोक्यात आलं आणि तिथून त्यांच्यामागे जे लचांड लागलं, त्याची ही हकिगत.

सर एका अभियांत्रिकी महाविद्यालयात वीज शिकवतात. कोणत्या, ते विचारायचं नाही. त्यांना अजून बारा वर्षं नोकरी करायची आहे. त्यांनी गच्चीवर तीन किलोवॉटची पॅनेलं बसवली. सरकारी अनुदान ७८,००० रुपये, तेही सरळ बँकेच्या खात्यात. कोणाच्या पाया पडणं नाही, कोणाला चहा पाजणं नाही. नेट मीटर लागलं, पहिलं बिल आलं आणि सर ते बिल लग्नाच्या पत्रिकेसारखं घरोघर दाखवत फिरले.

मग मे आला. ऊन वाढलं तशी वीज वाढेल, हा आपला सगळ्यांचा साधा हिशेब. सर दुपारी बाराला गच्चीवर जाऊन इन्व्हर्टरचा आकडा बघायला लागले तर आकडा फेब्रुवारीपेक्षा कमी. दिवस मोठा, आभाळ कोरं, सूर्य डोक्यावर आणि वीज कमी. वहिनी खालून म्हणाल्या, "तुमच्या शिकवणीसारखंच झालं हे. तास वाढले की निकाल खाली."

सरांना अर्थात कारण माहीत होतं. पॅनेलच्या पाठीवर एक स्टिकर असतो. त्यावर जे वॉट छापलेले असतात, ते पॅनेल २५ अंशांवर असताना मोजलेले असतात. प्रयोगशाळेतले २५ अंश. सिलिकॉनचा स्वभाव असा की त्याला उजेड आवडतो, ताप सोसत नाही. पंचविसाच्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज गळते. आता पिपरीत हवाच पंचेचाळीस अंशांवर असली, तर उन्हात तापलेलं पॅनेल सत्तरीला टेकतं. सत्तरातून पंचवीस गेले, राहिले पंचेचाळीस. त्याला पॉइंट पस्तीसने गुणा. जवळपास सोळा टक्के वीज उन्हानेच खाल्ली. तीन किलोवॉटचे पैसे दिले आणि ऐन दुपारी गच्चीवर उरले अडीच.

इथवरचं पुस्तकात आहे. पुस्तकात नाही ते पुढे सुरू होतं. स्लॅबवर बसवलेलं पॅनेल किती तापतं आणि टिनावर बसवलेलं किती? छतापासून एक फूट उचललं तर काय आणि तीन फूट उचललं तर काय? मागून हवा खेळती ठेवली तर किती अंश उतरतात, आणि तेवढ्यासाठी वाढवलेल्या लोखंडाचा खर्च किती वर्षांत निघतो? जिनिंगचा कापूस उडतो, गिट्टीच्या ट्रकची धूळ उडते, ती पॅनेलवर बसून भाजते, ती धुवायची कितीदा? आणि धुवायची कशाने, हा तर पिपरीत उन्हाळ्यात विचारूच नये असा प्रश्न. कूलरच्या टाकीत घालायला पाणी पुरत नाही, पॅनेलला आंघोळ कोण घालणार?

सरांनी ठरवलं की हे मोजायचं. गावातल्या पाच गच्च्या: दोन स्लॅबच्या, दोन टिनाच्या आणि एक कौलारू. तापमानाचे सेन्सर, ऊन मोजायचं एक यंत्र, आकडे साठवणारी एक डबी आणि एका पोराला दोन वर्षांची छात्रवृत्ती. एकूण खर्च ४ लाख ८० हजार. एवढ्यात आजकाल लग्नाचा मांडवही उभा राहत नाही.

पानठेल्यावर ही योजना जाहीर झाली तेव्हा खर्रा घोटता घोटता ठेलेवाल्याने एकच प्रश्न विचारला. "कायले मोजता जी सर? मोजल्यानं ऊन कमी होते काय?"

सर हसले. दिल्लीलाही हाच प्रश्न पडणार आहे, हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं.

दिल्लीतल्या एका खात्याचं पोर्टल उघडलं. पोर्टलचा पहिला गुण असा की ते शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री उघडत नाही. दुसरा गुण असा की जोडपत्राचा आकार इतक्या केबीच्या आत पाहिजे, असं ते पत्र चढवून झाल्यावर सांगतं. सरांनी तीन रात्री काढल्या. रकाना पहिला: राष्ट्रीय महत्त्व, ५०० शब्दांत. रकाना दुसरा: नावीन्य. रकाना तिसरा: जगात या विषयावर कोण काम करतं. चौथा: परदेशी सहकारी. पाचवा: उद्योगातला भागीदार, त्याच्या लेटरहेडवर पत्र, सही आणि शिक्क्यासह. पिपरीत पॅनेलच्या धंद्यातला सगळ्यात मोठा उद्योजक म्हणजे पॅनेल बसवणारा पोरगा. त्याच्याकडे स्कूटर आहे, शिडी आहे, लेटरहेड नाही. त्याने रंगीत प्रिंट काढून आणलं. त्यावर सूर्य होता, सूर्याला डोळे होते आणि सूर्य हसत होता. सरांनी तेच जोडलं.

आठ महिन्यांनी तीन ओळींची मेल आली. पहिल्या ओळीत आभार. तिसऱ्या ओळीत शुभेच्छा. मधल्या ओळीत निकाल: प्रस्तावाची व्याप्ती स्थानिक आहे.

आता यावर काय बोलणार? ऊन राष्ट्रीय, ताप स्थानिक. पॅनेल राष्ट्रीय, धूळ स्थानिक. योजना राष्ट्रीय आणि ती जिच्या डोक्यावर बसवली ती गच्ची मात्र स्थानिक. व्याप्ती वाढवायची तर सरांनी काय करायचं होतं, पिपरीची गच्ची बंगळूरपर्यंत न्यायची?

पैसा नाही असं मात्र म्हणू नका राजेहो. पैसा बेसुमार आहे. पंतप्रधान सूर्यघर योजना २०२४ च्या फेब्रुवारीत मंजूर झाली, एक कोटी घरांसाठी ७५,०२१ कोटी रुपये. वाईट आहे का? मुळीच नाही, सरांचे ७८,००० त्यातूनच आले. पॅनेल बसवायला तयार असलेल्या माणसाला सरकार हात जोडून पैसे देतं. ते बसवल्यावर मे महिन्यात काय करतं, हे विचारणाऱ्या माणसाला तीन ओळींची मेल देतं.

हायड्रोजनचं बघा. राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन, जानेवारी २०२३, एकूण १९,७४४ कोटी. त्यातले १७,४९० कोटी कारखानदारांना प्रोत्साहन म्हणून, १,४६६ कोटी पथदर्शी प्रकल्पांना, आणि संशोधन-विकासाला ४०० कोटी. भागाकार करून बघितला. रुपयातले दोन पैसे. तंत्र जगात अजून नीट बसलेलं नाही, महाग आहे, पाणी खातं, वीज खातं. म्हणजे शोधायचं सगळं अजून शिल्लक आहे. आणि शोधायला दोन पैसे, विकत घ्यायला नव्वदच्या आसपास. लग्नात वाजंत्रीला लाख द्यावेत आणि भटजीला सुपारी, तशातली गत.

आपला देश संशोधनावर एकूण उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करतो, हा आकडा इतक्या वर्षांपासून इतक्या भाषणांत आला आहे की आता त्याला टाळ्याही पडत नाहीत. २०२३ मध्ये अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा झाला. पाच वर्षांत ५०,००० कोटी, असं जाहीर झालं, आणि त्यातले सुमारे ३६,००० कोटी सरकारबाहेरून, म्हणजे उद्योगांकडून आणि दानशूरांकडून येणार, असंही त्याच दमात सांगितलं गेलं. पंगत सरकारची आणि शिधा पाहुण्यांनी आणायचा. वऱ्हाडात याला वर्गणीचा भंडारा म्हणतात.

मग १ जुलै २०२५ ला मंत्रिमंडळाने संशोधन, विकास आणि नवोन्मेषासाठी एक लाख कोटींची योजना मंजूर केली. एक लाख कोटी! सरांनी पेढे आणायचे तेवढे बाकी ठेवले. नीट वाचल्यावर कळलं की हे प्रामुख्याने दीर्घ मुदतीचं कर्ज आहे, व्याज कमी किंवा शून्य, आणि तेही खासगी क्षेत्राला, तंत्र चौथ्या पायरीवर किंवा त्याच्या वर पोचलं असेल तर. तंत्रज्ञानाच्या तयारीच्या नऊ पायऱ्या असतात म्हणे. पहिल्या तीन पायऱ्या ज्याने स्वतःच्या खिशातून चढल्या, त्याला चौथ्या पायरीवर शिडी मिळणार. सर अजून अंगणात उभे आहेत.

आणखी एक चाकाची योजना आहे. मोठी नामांकित संस्था म्हणजे हब, आणि तिला जोडलेली विद्यापीठं म्हणजे स्पोक. आमच्याकडे बैलगाडीच्या चाकाला तुंबा आणि आरे असतात, त्यामुळे कल्पना लगेच कळली. तुंब्याला वंगण मिळतं, आऱ्यांना तुंब्यातून काय झिरपेल ते. आणि खाली रस्त्यावर घासत चालते ती धाव. पिपरीचं महाविद्यालय या चाकात कुठे बसतं, ते सुज्ञांस सांगणे न लगे.

समजा, सरांना पैसे मिळालेच असते. तर? मी त्यांना हेच सांगून समजूत घालतो, की सुटलात.

अनुदान मिळालं की त्याच्यामागे उपयोगिता प्रमाणपत्र येतं. सरकारी वित्त नियमांतला नमुना १२-अ. गेल्या वर्षी किती आले, किती खर्चले, किती उरले, उरले तर का उरले, आणि खात्यात पडून असताना व्याज किती झालं. ते व्याज संस्थेचं नव्हे. ते भारताच्या संचित निधीत परत भरायचं. पुढचा हप्ता प्रमाणपत्र गेल्यावर. म्हणजे हप्ता मार्चच्या तोंडावर येतो, एकतीस तारखेपर्यंत खर्च करायचा असतो, आणि सेन्सर लावायचा हंगाम मे असतो. निसर्गाचं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होत नाही, हे त्या नमुन्यात लिहायला रकाना नाही.

खरेदीचंही तसंच. सरकारी बाजाराच्या पोर्टलवरून घ्यायची, सगळ्यात कमी भाववाल्याकडून. शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं ओरडत होते की स्वस्त खुर्ची आणि स्वस्त सेन्सर यांत फरक असतो. स्वस्त खुर्ची मोडली की माणूस पडतो, स्वस्त सेन्सर मोडला की सिद्धांत पडतो. जून २०२५ मध्ये केंद्राने ऐकलं. वैज्ञानिक संस्थांना दरपत्रकाशिवाय खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाख केली, संस्थाप्रमुखांना त्या पोर्टलबाहेर घ्यायची मुभा दिली. चांगलं केलं. जे चांगलं झालं त्याला चांगलं म्हणायला आमच्या सदरात बंदी नाही.

आणि जीएसटीचा किस्सा तर दिवाळी अंकात शोभावा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आयआयटी दिल्लीला १२० कोटींची कारणे दाखवा नोटीस आली. कशासाठी? संशोधनासाठी मिळालेल्या अनुदानावर जीएसटी भरला नाही म्हणून. सरकारच्या एका खिशाने शोधाला पैसे दिले आणि दुसऱ्या खिशाने विचारलं, विक्रीकर कुठाय? आरडाओरडा झाला, सप्टेंबरच्या बैठकीत जीएसटी परिषदेने सूट दिली, ऑक्टोबरपासून ती लागू झाली. पण दोन महिने देशातल्या मोठमोठ्या प्राध्यापकांनी विज्ञान सोडून करसल्लागारांचे उंबरे झिजवले. आयआयटीची ही तऱ्हा, तर पिपरीच्या ४ लाख ८० हजारांची काय कथा!

हिशेबच नको असं कोणी म्हणत नाही. हिशेबाचं कौतुक आम्हा वर्धेकरांना कोणी सांगू नये. आमच्या गावात जे. सी. कुमारप्पा राहून गेले. लंडनमध्ये हिशेबनिशी शिकलेला माणूस. १९३४ च्या बिहार भूकंपात मदतनिधीचे हिशेब त्यांच्याकडे होते, स्वयंसेवकाला दिवसाला तीन आणे असा त्यांनी दर बांधला होता, आणि गांधीजींच्या लवाजम्याचा खर्चही त्यात बसत नाही म्हणून द्यायला त्यांनी नकार दिला, असं सांगतात. गांधीजींचं बिल अडवणारा लेखापाल! त्याच वर्षाच्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, जमनालाल बजाजांनी आपली बाग दिली, तिचं नाव मगनवाडी झालं, आणि कुमारप्पा तिथे येऊन बसले.

बसून काय केलं? ज्याला आज प्रादेशिक ऊर्जा संशोधन म्हणतात, तेच. त्यांना रॉकेलचा कंदील खुपत होता. दिवा लागतो खेड्यात आणि पैसा जातो सातासमुद्रापार. म्हणून मगनवाडीत असा कंदील बनवला की जो गावातल्या बियांच्या तेलावर जळेल. त्याचं नाव मगनदीप. बिनधुराची चूल बनवली, तिचं नाव मगनचूल. कोळसा आणि खनिज तेल म्हणजे साठवलेली पुंजी, ती संपणार; माणसाने वाहत्या मिळकतीवर जगावं, हा त्यांचा विचार तुरुंगात लिहिलेल्या ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ या पुस्तकात आहे, साल १९४५. आज जागतिक परिषदांत हेच वाक्य पाचतारांकित हॉटेलात वातानुकूलन लावून बोललं जातं.

मगनदीपाने रॉकेल हटलं नाही, हेही सांगायला हवं. कंदील हरला, रॉकेल जिंकलं, पुढे विजेने रॉकेलला हरवलं. पण तो प्रश्न कोणाच्या अंगणातला होता आणि तो कोणी, कुठे बसून सोडवायला घेतला, ते बघा. कंदिलाची व्याप्ती स्थानिक आहे, अशी मेल कुमारप्पांना कोणी पाठवली नाही. पाठवली असती, तर त्यांनी त्यावरच्या टपालखर्चाचा हिशेब मागितला असता.

त्याच मगनवाडीत आज केंद्राच्या लघुउद्योग मंत्रालयाखालची महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. ग्रामीण ऊर्जेचा विभाग आहे, सौर चरख्यावर तिथे काम झालं आहे. आणि २०१८ मध्ये सौर चरखा मिशन निघालं, ५० समूहांसाठी ५५० कोटींचं. आमच्या गावच्या चरख्याला एवढी किंमत आली म्हणून छाती फुगली. पण तिथेही तीच चाल: पैसा चरखे वाटायला. चरखा आणखी कसा सुधारावा, ढगाळ दिवशी सूत कसं काढावं, बॅटरी मेल्यावर कारागिराने कुठे जावं, हे विचारायला वेगळी खिडकी, वेगळा अर्ज.

पुण्याचे डॉ. आनंद कर्वे यांचं उदाहरण द्यायचा मोह आवरत नाही. शेणाऐवजी घरातलं पिष्टमय खरकटं घालून चालणारं छोटं गोबरगॅस संयंत्र त्यांच्या ‘आरती’ संस्थेने केलं. त्याला शेण लागत नसल्यामुळे गोबरगॅस म्हणणं चूक आहे, पण आपल्याकडे टूथपेस्टला कोलगेट म्हणतात. चाळीस किलो शेणाचं काम दोन किलो खरकट्यात, असा त्यांचा दावा. २००६ चा अ‍ॅश्डेन पुरस्कार त्यांना मिळाला. कुठला पुरस्कार? लंडनचा. त्याआधी २००२ मध्येही मिळाला होता, उसाच्या पाचटाचा कोळसा केला म्हणून. पाचट फलटण-बारामतीचं आणि शाबासकी टेम्सच्या काठची.

पाचटावरून पऱ्हाटी आठवली. आमचा ऊस म्हणजे कापूस. वेचणी संपली की वावरात पऱ्हाट्या उभ्या राहतात, हेक्टरी दोन-तीन टन. पूर्वी त्या चुलीत जायच्या, आता चुली गेल्या, म्हणून वावरातच पेटवतात. बोंडअळीच्या भीतीने तर लवकर पेटवा असाच सल्ला असतो. दुसरीकडे ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये सांगितलं की औष्णिक केंद्रांनी कोळशात पाच टक्के शेतातला काडीकचरा मिसळावा. चंद्रपूरचं केंद्र २,९२० मेगावॉटचं. म्हणजे एका हाताला पऱ्हाटीचा धूर आणि दुसऱ्या हाताला पऱ्हाटीची मागणी. मध्ये काय आहे? मध्ये प्रश्न आहे. पऱ्हाटी उपटायला मजूर किती, ती लाकडासारखी कडक, तिचा भुसा करायला वीज किती, चार एकराच्या तुकड्यातुकड्यातून ती गोळा करून वाहून नेण्यात डिझेल किती जळतं, आणि एवढं करून शेतकऱ्याच्या हातात क्विंटलमागे काय पडतं. पऱ्हाटीच्या कांड्या आणि गोळ्या करायचं तंत्र कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने केलेलं आहे. यंत्र आहे. हिशेब वावरागणिक बदलतो, तो कोणीतरी देवळी, सेलू, हिंगणघाटात बसून मांडायला पाहिजे. मांडणाऱ्याचा प्रस्ताव मात्र, बरोबर ओळखलंत, स्थानिक व्याप्तीचा.

विदर्भाला एक शब्द फार प्रिय आहे. अनुशेष. १९८४ मध्ये दांडेकर समितीने तो मोजला. रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, तांत्रिक शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, अगदी गुराढोरांच्या दवाखान्यांचासुद्धा. राज्याचा एकूण ३,१८६ कोटींचा निघाला. त्या दिवसापासून आमच्या पुढाऱ्यांच्या तीन पिढ्या अनुशेषावर पोसल्या. सिंचनाचा अनुशेष म्हटलं की सभागृह दणाणतं, कृषिपंपांचा अनुशेष म्हटलं की सभात्याग होतो. विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली, तेव्हा अनुशेष मोजणारेही गेले, शब्द तेवढा राहिला. या सगळ्या चाळीस वर्षांत संशोधनाचा अनुशेष कोणी काढला का? विदर्भातल्या ऊर्जेच्या प्रश्नांवर विदर्भात बसून काम करायला किती पैसे आले आणि लोकसंख्येच्या, किंवा निदान विजेच्या वाट्याने किती यायला हवे होते? कोळसा आमचा, राख आमची, ऊन आमचं. प्रश्न विचारायचा हक्क तेवढा मुंबई-पुणे-दिल्लीचा.

पुढाऱ्यांनाही दोष देता येत नाही. ते नागपूरला अधिवेशनासाठी येतात डिसेंबरात. हवा गुलाबी, संत्री गोड, आणि पॅनेल? डिसेंबरच्या कोवळ्या उन्हात पॅनेल असं गार राहतं की स्टिकरवरच्या पंचवीस अंशांची आठवण यावी. त्यांनी बघितलं तेव्हा सगळं उत्तम चाललेलं असतं. माझी एक नम्र सूचना आहे: एक अधिवेशन मेच्या तिसऱ्या आठवड्यात घ्या. सभागृहाचा कूलर सौर विजेवर लावा. तारांकित प्रश्नाला उत्तर येईपर्यंत थांबावंही लागणार नाही.

परवा संध्याकाळी सर पानठेल्यावर भेटले. नवीन प्रस्ताव लिहीत होते. नाव बदललं होतं. आधीचं नाव होतं ‘पिपरी मेघे येथील गच्चीवरील सौर पॅनेलांवर उष्णतेचा परिणाम’. नवीन नाव इंग्रजीत होतं, दोन ओळींचं, त्यात ‘क्लायमेट’, ‘रेझिलियन्स’, ‘एआय’ आणि ‘डिजिटल ट्विन’ होतं. पिपरी नव्हती.

"पिपरी कुठे गेली?" मी विचारलं.

"जोडपत्र चारमध्ये," सर म्हणाले. "अक्षांश-रेखांश दिलेत."

ठेलेवाल्याने मान वर केली. "सर, मागच्या वेळी तुम्ही पाच गच्च्या म्हणत होते. एक माझी टिनाची हाय. ते घेता का नाही?"

सरांनी खिशातून पेन काढलं आणि खर्ऱ्याच्या कागदावर त्याचा नंबर लिहून घेतला. खर्ऱ्याचा कागद हे पिपरीतलं सगळ्यात जुनं लेटरहेड आहे.

तर, ज्यांच्या गच्चीवर पॅनेल आहे, त्या सगळ्या पिपरीकरांना, आणि सिंदी, सावंगी, बोरगाव, उमरी या आडनावबंधूंनाही एक विनंती. एप्रिल आणि मे, रोज दुपारी बाराला इन्व्हर्टरवरचा आकडा बघा आणि स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर त्या तारखेच्या चौकटीत लिहा. दुधाच्या हिशेबाशेजारी जागा असते. पॅनेल स्लॅबवर आहे की टिनावर, छतापासून किती फूट, आणि शेवटचं धुतलं कधी, एवढं महिन्याच्या पानावर वरती लिहा. जूनमध्ये ते पान फाडू नका. सर घरी येऊन घेऊन जातील.